मला काढून लावा

जाईबाईंनी स्पीकरवर तळवा ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. अतुलने घाईने आवाज कमी केला. सासूबाई आत आडव्या झाल्यात असं समजून त्याने युनिव्हर्सिटीच्या दिवसांतली फ्रेंच डब संगीताची रेकॉर्ड लावली होती. काळोखी, संथ, विहिरीच्या तळातून वर यावी तशी.

"राहू द्या हो," त्या कुजबुजल्या. गळ्याच्या ऑपरेशननंतर एवढाच आवाज उरला होता. "बाई गात होती ना आत्ता? गेली कुठे?"

"काढली, आई. डबमध्ये तसंच करतात. गाणाऱ्याचा गळा काढायचा, ठेका ठेवायचा. मधेच एखादा शब्द सोडायचा, तो घुमत राहतो."

"आमचे टाळकरी घुमवायचे तसा." त्या हसल्या. "मी चरण अर्ध्यावर सोडायचे. वाईच्या घाटावर सगळा मंडप तो उचलायचा. तेवढ्यात मी घोटभर पाणी पिऊन घ्यायचे."

परदेशात, स्कोफिल्ड्सच्या त्या नव्याकोऱ्या घरात कीर्तनाचा शब्द त्यांनी प्रथमच काढला होता. रामनवमीला हॅरिस पार्कच्या हॉलमध्ये कीर्तनाला कोण उभं राहणार, म्हणून तिथल्या मराठी मंडळाचे फोन येत होते. त्यांनी लेकीचं नाव सुचवलं, तर मानसी म्हणाली, "तुझ्यामागे मी नुसत्या झांजा वाजवल्यात गं. मला काय येतंय?" नारदाची गादी आपल्याबरोबरच उठणार, हे जाईबाईंनी मनाशी धरून टाकलं होतं.

"माझं वाईचं कीर्तन आहे ना तुमच्याकडे?"

"आहे की. लावू?"

"लावा. पण मला काढून."

अतुलचा चेहरा उतरला. "आई, तुमचा तेवढाच तर आवाज..."

"फ्रेंच बाई गेलेली चालते तुम्हाला. मग सासू गेली तर काय होतंय?"

त्याने लॅपटॉपवर बराच वेळ खटपट केली. मग पेटी आली, तबला आला, मागून झांजा. मधली जागा मोकळी. चरण आला आणि रिकामाच पुढे गेला. जाईबाईंचे ओठ हलले नाहीत.

दुसऱ्या वेळी स्वयंपाकघरात मेथी निवडणाऱ्या मानसीने तो उचलला. पहिल्या शब्दापासून, आईच्याच पट्टीत, हातातलं काम न थांबवता. मग पुढचाही.

"अगं मानसी..." अतुल वळला.

तबल्याला थोपवावं तसा जाईबाईंनी हात वर केला.

"हाक नका मारू," त्या म्हणाल्या. "निरूपण यायचंय अजून."