उतारावरचा संशय

मी विजेवर चालणारा मालवाहू ट्रक बोलतोय. या, जवळ या. शॉक बसत नाही.

जन्मापासून मी संशयातच वाढलो. पहिल्या दिवशी मालकांचा मेहुणा माझ्याभोवती फेरी मारून म्हणाला, "दाजी, हा स्वतःच्या बॅटरीचाच बोजा वाहणार. माल कधी वाहणार?"

माझ्या ड्रायव्हरला सगळे वस्ताद म्हणत. तीस वर्षं डिझेलवर काढलेला माणूस. त्याचा लाडका ट्रक विकून मला आणलेलं, त्यामुळे मीही त्याच्यावर डोळा ठेवून असायचो. माझ्या पडद्यावरचा चार्जिंगचा आकडा तो बोटाने टकटक वाजवून बघे. आकडा खोटं बोलतो, असं त्याचं मत!

पहिल्या लांबच्या खेपेला मालकांनी बजावलं, "अठ्ठावीस टन लोखंड आहे. पाचच्या आत पोचलं तर ही गाडी कायम तुमच्या हाती. नाहीतर मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल."

"पोचवतो, मालक."

चढणीने माझा जीव काढला. ऐंशीवरचा आकडा पंधरावर आला. वाटेत चार्जिंगची एक जागा लागली, पण ती छोट्या मोटारींची. माझं धूड आत शिरेना. पुढची जागा उतार संपून बरंच पुढे. तरी मी निर्धास्त होतो. उतारावर माझी चाकंच मोटर फिरवतात आणि थोडी वीज बॅटरीत परत येते.

माथ्यावर वस्तादाने काय करावं? गाडी न्यूट्रल केली! चाकांचा मोटरशी संबंधच तुटला. मी कोकललो, दिवे लावले.

"गप रे, तुझीच वीज वाचवतोय," तो म्हणाला.

डिझेल वाचवायला त्याने जन्मभर हेच केलेलं. पण मला ते बोलणं फार साळसूद वाटलं. मला तोंडघशी पाडायचा डाव आहे, अशी माझी खात्रीच झाली.

उतार संपल्यावर सपाटीला उरलेली वीज पुरेना, आणि चार्जिंग तीन किलोमीटरवर असताना मी बंद पडलो. पाच वाजून गेले. मालक आले, मागोमाग मेहुणा.

"मी म्हणत नव्हतो, दाजी? गाडीच भिकार!"

वस्तादाने नुसती मान डोलावली असती, तरी त्याची नोकरी वाचली असती. तो ती डोलावणार, हे मी धरूनच चाललो होतो.

"गाडीत काही खोट नाही," तो म्हणाला. "उतारावर न्यूट्रल मीच केली. चूक माझी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकांनी त्याच्याकडून चावी मागून घेतली.

आता मालक रोज नवा ड्रायव्हर आजमावतात आणि मला प्रत्येकाचा संशय येतो. मालक, एवढं ऐका. वस्तादाला परत बोलवा. ती चूक तो जन्मात पुन्हा करणार नाही. बाकीच्यांची अजून करून व्हायची आहे.