खांबातली आई

जालन्याच्या त्या मोठ्या दवाखान्याच्या तळघरात नातेवाइकांची जत्रा भरेल व्हती. जागा गाड्या ठेवायची, पण पसरेल माणसं. एका अंगाला जनरेटर घरघर करून राह्यला, दुसऱ्या अंगाला जाड खांब. खांबाला चिकटून पितळी ताट, ताटात तांब्याचा कलश, अन् कलशामागं खांबवाले महाराज.

महाराज डोळे झाकायचे. "येऊन राह्यली... आई येऊन राह्यली. कोणी खोकू नका, तिला खोकला चालत न्हाई."

अन् जराशानं, कोणाचा हात लागेल नसताना, कलश ताटात किणकिण वाजायचा. पाण्यावर बारीक लाटा उठायच्या. बाया पदर पसरायच्या.

केदारखेड्याचा कचरू सकाळपासून त्या ताटापुढं बसेल. वर त्याची बायको उषाबाई गुंगीत पडेल, आतड्याला पीळ बसेल. साधना डॉक्टरीणबाई सोता खाली येऊन सांगून गेल्त्या, "कचरूभाऊ, ऑपरेशनला जल्दी सही करा. आतडं सडत चाललंय."

अन् महाराज म्हणत, "सुरी लावली का बाई हातची गेली. आई तीनदा आली का पीळ आपोआप सुटंल."

आई दोनदा येऊन गेल्ती. कचरू तिसऱ्या खेपेची वाट पाहत व्हता.

"आतडं म्हंजी काय बैलाचं दावं हाय व्हय, आपोआप सुटायला?" बाजूचे धम्मपाल सर म्हणले. जाफराबादचे मास्तर, घरच्या म्हातारीचं हाड मोडलं म्हणून आल्ते.

"सर, तुमाला न्हाई पटायचं. म्या डोळ्यानं पाह्यलं."

"म्या पण पाहूनच राह्यलो. तुमचे महाराज आईकडं पाहत न्हाईत, लिफ्टकडं पाहतेत."

समोरच लिफ्ट. लिफ्टवाला आतल्या माणसांला बाहेर काढत व्हता, "चला, उतरा. लिफ्ट वर लागती." तेवढ्यात महाराजांनी डोळे झाकले. "येऊन राह्यली..."

सरांनी म्हातारीची शेकायची रबरी पिशवी काढली, पाण्यानं भरेल. ताटाखाली चप्पल पण चालली असती, पण लोकांनी डोकी फोडली असती.

"ही ताटाखाली ठेवा, कचरूभाऊ. तुमीच ठेवा. माझा हात लागला तर महाराजांला आयतंच कारण सापडंल."

लोक कुरकुरले. महाराजांनी एक डोळा उघडला. पण कचरूनं ताट उचललं अन् पिशवीवर ठेवलं.

कलश गप. एक म्हातारी मुद्दाम खोकली. तरी गप.

"आता खांबाला हात लावा."

कचरूनं तळवा टेकवला. खांब थरथरत व्हता.

"वर छतावर हेलिकॉप्टर उतरून राह्यलं," सर म्हणले. "जनरेटरच्या घरघरीत इथं ऐकू येत न्हाई. त्याचा उतरायचा ओटा सरळ या खांबांवर टेकवेल हाय. मधात रबराच्या जाड गाद्या पाहिजे व्हत्या, त्या टाकल्याच न्हाईत. म्हणून हादरा थेट ताटात येतो. आत्ता तो पिशवीत जिरला. अन् लिफ्ट अडवली ती वरचा पेशंट उतरवायला."

"आई रुसली," म्हणत महाराजांनी ताट उचललं अन् पलीकडच्या खांबाकडं चालले. दोन-चार बाया मागं गेल्या पण.

कचरू जिन्यानं धावला. सही केली.

"वाचंल ना बाई?"

"सकाळी विचारलं असतं तर हो म्हणले असते," डॉक्टरीणबाई म्हणल्या. "आता उघडल्यावर कळंल." अन् आत गेल्या.

कचरू ऑपरेशनच्या खोलीबाहेर त्याच खांबाला टेकून बसला. तो खांब तळघरातून सरळ वर आल्ता. सर येऊन बसले.

"सर, त्या गाद्या आता बसवता येत न्हाईत?"

"येतेत. पण समदा ओटा उचलावा लागतो. कोण उचलतंय."

नर्स बाहेर आली. कचरू उठला. "अजून चालू हाय," ती म्हणली. "जरा थांबलंय. वर उतरून राह्यलं ना, हादऱ्यात मॅडम टाका घालत न्हाईत."

तवा कचरूला पाठीत थरथर कळली. तीच. जिला दोनदा हात जोडेल, ती. उषाबाईचं पोट उघडं, अन् डॉक्टरीणबाईंचे हात हवेत. कचरू वळला अन् दोन्ही तळवे खांबावर दाबून धरले, जसं काय त्यानं थांबणार हाय.

लेकाहो, काही थरथरलं तर हात जोडायच्या आधी हात लावून पाहा, कुठून येतंय ते. अन् डॉक्टर सही मागतो तवा खाली ताटापुढं बसू नका. खांबाला कोणाची घाई कळत न्हाई. आपल्याला कळती.