परत न आलेली चकती

विट्याच्या एसटी स्टँडमागं व्हिडिओ गेमचं दुकान निघालं आणि आयटीआयच्या पोरांनी वर्कशॉपला जवळजवळ रामरामच ठोकला. दुकानात एक शिरस्ता होता. खास डाव टाकताना हातावर रुमाल पांघरायचा, म्हणजे गेमची दांडी, जॉयस्टिक, कशी फिरवली ते शेजारच्याला दिसत नसे. सोनं राखावं तसे हे पठ्ठे डाव राखत.

त्यात नागसेनचा रुमाल सगळ्यांत मोठा. त्याचा गेममधला गडी पोलादी चकती फेकायचा. समोरचा उडी मारून ती चुकवायचा, सुटलो म्हणायचा, तोवर तीच चकती उलटी येऊन त्याच्या पाठीत बसायची. हा डाव अख्ख्या विट्यात एकट्या नागसेनला येत होता, म्हणून साहेबांची मान कायम ताठ.

तानाजी त्याचा वर्गातला जिवलग. तानाजीची आई अंबूबाई डब्यात नागसेनच्या वाटणीची भाकरी न विसरता बांधायची. यात्रेला तानाजीचा मामेभाऊ सयाजी कोईमतूरहून आला. तिथं त्यांचं सोनं गाळायचं दुकान, त्यामुळं बोलण्यात भलतीच ऐट. तानाजीच्या घरी मेंढरं, म्हणून येता-जाता तो त्याला 'मेंढरामागचा' म्हणून चारचौघांत चिडवायचा. संध्याकाळी गेमच्या दुकानात माझ्याशी खेळायला ये, असंही त्यानं बजावलं.

"गड्या, तेवढी चकती शिकव," तानाजी म्हणाला. "एकदा तरी त्येचं त्वांड बंद करायचं हाय."

नागसेननं रस्त्यातच तोंडी शिकवली. दांडी खाली, मग पुढं, मग बुक्कीचं बटण. पण चकती पुढं गेली की दांडी मागं ओढून धरायची, एवढं सांगितलं नाही. डाव दुसऱ्याला दिला तर आपल्याला कोण विचारणार?

संध्याकाळी तानाजीनं मोठ्या भरवशानं चकती फेकली. सयाजीनं उडी मारली. चकती पडद्याबाहेर गेली ती गेलीच. तानाजीचा गडी रिकाम्या हातांनी तिची वाट बघत उभा राहिला आणि सयाजीनं त्याला लाथांनी तुडवून काढलं.

"मेंढरंच राख रं!" सयाजी ओरडला. सगळं दुकान खदखदून हसलं.

नागसेनची कानशिलं तापली. आता तानाजी सगळ्यांसमोर आपल्याला शिव्या घालणार. घालू दे, बरंच होईल, असं त्याला वाटलं.

तानाजी ओशाळं हसत वळला. "माझ्याच हातात दम न्हाई, गड्या. तू तर लय मन लावून शिकवलं हुतंस."

धरणीनं पोटात घ्यावं असं नागसेनला झालं. त्यानं नवं नाणं टाकलं, रुमाल न पांघरताच तानाजीचा हात धरून दांडीवर ठेवला, चकती फेकायला लावली आणि सगळ्यांदेखत दांडी मागं ओढली. चकती वळून आली.

तानाजी पडद्याकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ही मागं वडायची... मला सांगायचं इसरलास व्हय?"

नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी सगळं मिटलं असतं. तानाजी तेच ऐकायला थांबला होता.

"न्हाई," नागसेन म्हणाला. "इसरलो नव्हतो."

तानाजीनं त्याच्या हाताखालून आपला हात काढून घेतला.