सरांच्या नावाचा जीवाश्म

भूशास्त्राच्या सरांना नावं ठेवायची भारी हौस, दोन्ही अर्थांनी. ती किडकिडीत मुलगी पहिल्यांदा वर्गात आली तेव्हा त्यांनी तिला 'पापुद्रा' म्हटलं, नख लावताच सुटणाऱ्या मऊ खडकावरून. नाव चिकटलं ते चिकटलंच.

अभ्याससहलीत पापुद्रा एका कड्यापाशी बराच वेळ बसून राहिली. मग म्हणाली, "सर, हे थर उलटे आहेत. गोगलगायींचे माग चिखलात खोलगट उमटतात, आणि त्यावर साचणाऱ्या थराच्या तळाला त्यांचा फुगीर ठसा येतो. इथे थराच्या वरच्या अंगाला ते फुगीर दिसतात. म्हणजे हा थराचा तळ आहे. अख्खा डोंगर पालथा झालाय."

सरांनी त्या कड्यावर हयात घालवली होती. खालचा थर जुना, वरचा नवा, असं त्यांच्या पुस्तकात छापलेलं होतं.

"थर नाही, तुझं डोकं उलटं आहे," ते म्हणाले. "वाक बघू. अशी नाही, पायांमधून बघ. दिसले आता सरळ?"

ती वाकली. वर्ग खिदळला. सर तिला तसंच ठेवून पुढचा कडा समजावत राहिले.

पुढे तिचा प्रबंधही त्यांनी अडवला. ती दुसऱ्या संस्थेत गेली, तिथे नव्याने सुरुवात केली. बऱ्याच वर्षांनी परक्या शास्त्रज्ञांनी त्या थरांची वयं मोजली. डोंगर खरोखरच पालथा निघाला. सर म्हणाले, "मला शंका होतीच." पापुद्राचं नाव कुणी काढलं नाही.

ती पुन्हा त्याच कड्यावर गेली. तिथे तिला तपकिरी, पिळदार गोळे सापडले. कापून पाहिलं तर आत माशांचे खवले. कुठल्याशा मोठ्या माशाची ती विष्ठा होती, दगड झालेली. असा प्रकार आधी कुणी नोंदवला नव्हता, म्हणजे नाव द्यायचा हक्क तिचा. तिने सरांचं आडनाव दिलं. एकदा छापलेलं नाव सहसा पुसता येत नाही.

मग गोळ्याचा मोठा फोटो चौकटीत बसवून ती सरांकडे गेली. सरांना अर्धांगवायू झाला होता. वाचा गेली होती, समज शाबूत होती. हे तिला ठाऊक होतं.

"अगबाई, यांच्या नावाचा जीवाश्म!" सरांच्या पत्नीने, काकूंनी, चौकट छातीशी धरली. "अहो, पाहिलंत का? एवढे विद्यार्थी घडवलेत, पण आठवण ठेवली ती हिनेच." त्यांनी शेजारणीला हाक मारली. शेजारीण सुनेला घेऊन आली.

सरांनी फोटो पाहिला, खालची लॅटिन ओळ वाचली. पहिला शब्द शेणखड्यांच्या, दगड झालेल्या विष्ठेच्या, कुळाचा होता. ते कळणारा त्या घरात पाहुणीखेरीज एकच माणूस होता. त्यांच्या घशातून घरघर निघाली आणि डोळे भरून आले.

"बघा, कसे गहिवरलेत," शेजारीण म्हणाली.

"कसला प्राणी गं हा?" काकूंनी विचारलं.

"मोठा मासा असणार, काकू. तो काही मिळाला नाही. त्याच्या पोटातलं एवढंच मागे राहिलं."

"म्हणजे अगदी आतलं! काळीजच म्हण ना!" काकू डोळे पुसत म्हणाल्या.

पापुद्राला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला शरम वाटेल. ती वाट पाहत राहिली. शरम आली नाही. चहा गोड होता, तिने तो चवीने संपवला.

काकूंनी चौकट समोरच्या भिंतीवर टांगली. सरांनी मोठ्या कष्टाने मान दुसरीकडे वळवली.

"अगं बाई, यांना मानेमुळे नीट दिसत नाहीये," काकू कळवळून म्हणाल्या. "पलंगच फिरवूया का जरा? मला एकटीला नाही जमायचं."

"थांबा काकू, मी धरते," पापुद्रा म्हणाली. तिने पदर खोचला आणि उशाकडची बाजू उचलली.