सगळ्यांचे वडील इंजिनीअर

"हा चौथा इंजिनीअर," पुण्याहून आलेले परीक्षक हसले. "धुळ्यात बरेच इंजिनीअर दिसतात, मॅडम."

मोहिनीबाई मुलांच्या यादीत बघू लागल्या. बारावीच्या जर्मनची तोंडी परीक्षा चालू होती आणि चारही मुलांनी एकच कुटुंब घडाघडा म्हणून दाखवलं होतं. वडील इंजिनीअर, आई शिक्षिका, घरामागे बाग. बावीस वर्षांपूर्वी बाईंनीच ते फळ्यावर लिहून दिलं होतं, कुणाचा मार्क जाऊ नये म्हणून. मुलं जर्मन घेत ती मार्कांसाठीच. यंदा तर अवघी सहा उरली होती. प्राचार्यांनी बजावलं होतं, परीक्षकांचा शेरा वाईट आला तर जर्मन बंद आणि बाई अतिरिक्त. पन्नाशीत कुठल्या आडगावी पाठवतील याचा नेम नव्हता.

पाचवी आली दोंडाईच्याची नूतन. तिनं जर्मनमध्ये "माझे वडील" म्हटलं मात्र, परीक्षकांनी हात वर केला.

"इंजिनीअर नकोत. खरं सांग."

नूतननं रडवेल्या तोंडानं बाईंकडे पाहिलं. "मॅडम, माले तेवढंच येस."

मग ती पोर एकेक शब्द शोधत मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोलू लागली.

"वडील... मिरची. मोठी पोती. पाठीवर. घरी येतात. डोळे लाल. मी पाणी देते."

परीक्षक हसले नाहीत. मार्क मांडून त्यांनी पुढच्याला बोलवायला सांगितलं. बाई उठल्या त्या शरमेनं. बावीस वर्षांत एकाही पोराला त्यांनी विचारलं नव्हतं, तुझा बाप काय करतो रे?

दाराबाहेर जितेंद्र डोळे मिटून पाठ म्हणत होता.

"ते म्हणू नकोस," बाई म्हणाल्या. "घरचं सांग. खरं."

"आते, ऐन वेळी? मी नापास व्हई जासू ना, मॅडम!"

तो आत येऊन बसला. "माझे वडील," म्हणाला आणि अडला. परीक्षक वाट पाहत होते. शेऱ्याचा कागद अजून कोराच होता. बाईंनी ओठ नुसते हलवले असते तरी पोराला इंजिनीअर आठवला असता.

बाईंनी पदर तोंडावर घट्ट धरला आणि त्या खाली बघत बसून राहिल्या.