माईकशिवाय

जेवणं उरकली, पानं उचलली गेली की कुणीतरी म्हणायचंच, "मावशी, ती तारेची गोष्ट सांगा ना." ज्यांनी ती कितीदा तरी ऐकलेली, तेच सगळ्यांत पुढे. मावशी आधी "अगं बाई, किती वेळा तेच तेच?" म्हणून आढेवेढे घ्यायची, आणि हे म्हणेपर्यंत खुर्ची पुढे ओढून बसलेलीही असायची.

गोष्ट तिच्या कारखान्यातल्या दिवसांची. शर्टांच्या कारखान्यात ती काजं करायच्या मशीनवर होती. तिथे शेजारणीला सुई मागायची तरी घसा फोडावा लागे. मावशी मात्र दिवसभर गात असायची, आणि ते गाणं मशीनच्या घरघरीवरून पार कापणीच्या टेबलापर्यंत जायचं. निदान कापणीवाल्या तसं म्हणायच्या. त्यांनीच तिचं नाव ठेवलं, भोंगा. सुपरवायझर म्हणायचा, "वीज गेली तर काळजी नाही, सुटीचा भोंगा हिच्याकडूनच वाजवून घेऊ."

शनिवारी सुटी झाली की भोंगा कुठे जाते हे सगळ्यांना ठाऊक होतं. बँड ऐकायला. मोठ्या मैदानातले नाही, ते तिला आवडतच नसत. "मैदानात गाणं लांबून बघायचं असतं," असं तिचं म्हणणं. तिला आवडायच्या खोल्या. बेकरीच्या मागची एक होती, तिच्या भिंतीतून भट्टीची ऊब यायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या गाण्याला भूक लागायची. एक व्यायामशाळा होती, तिथे उशिरा येणारे कसरतीच्या दांड्यांवर चढून बसत. आणि फर्निचरच्या दुकानाखालचं तळघर तर तिचं माहेरच. छताला पाण्याचे पाईप, ओल्या कोटांचा वास, चष्म्यांवर वाफ. स्टेज म्हणजे चार फळ्या. ड्रमवाल्याने मान झटकली की घाम पहिल्या रांगेवर. गाणारा श्वास घ्यायचा तेव्हा ऐकणाऱ्यांचीही छाती आपोआप वर व्हायची.

त्या तळघरात एकदा परगावचा बँड आला. त्यांचा मुख्य गाणारा इतका उंच की पाईपखालून वाकून यावं लागलं. तेव्हापासून मावशीच्या गोष्टीत तो लंबू. रेडिओवर त्या वर्षी त्यांचं एक गाणं सारखं लागायचं, 'दार लोटून ठेव, कडी घालू नको'. कारखान्यात सगळ्यांना ते पाठ. मध्यंतरानंतर लंबूने तेच धरलं, आणि ऐन रंगात असताना टण्कन गिटारची तार तुटली.

"सगळा बँड थांबला," मावशी सांगायची. "लंबूने तुटलेली तार उजेडात धरली, खांदे उडवले. खोलीत चिडीचूप. आणि कुणीतरी पुढचं कडवं गायला लागलं. मला वाटलं, कोण ही आगाऊ? बघते तर मीच!"

लोक हसायचे. मग तिचा आवाज हळू व्हायचा. कडवं तिने अख्खं म्हटलं होतं. जिन्यावर उभी असलेली माणसंसुद्धा वळून बघू लागली, तिचाच आवाज तिला चारी भिंतींकडून परत येऊन भेटला. "माईक नाही, काही नाही!" म्हणून ती टेबलावर हात आपटायची, आणि काका न चुकता आपल्या कोपऱ्यातून म्हणायचे, "मी नॉब धरून नुसता उभा. म्हटलं, ही बाई माझी नोकरी खाणार."

काका तेव्हा त्या बँडचे साउंडवाले होते. कार्यक्रम संपल्यावर तेच तिच्याकडे आले होते, तुटलेली तार बोटाला गुंडाळून. "ही तुमची," म्हणाले. वर्षभरात बँड फुटला. काका तिच्या गावात येऊन राहिले, लग्न झालं, लाउडस्पीकर दुरुस्तीचं दुकान निघालं. ती तार बटणांच्या डब्यात जपून राहिली.

लग्नानंतर मावशी एकदा रेडिओ केंद्रावर आवाजाची चाचणी द्यायला गेली होती. "आवाज लहान आहे तुमचा," तिथला अधिकारी म्हणाला. ती हसली. भोंग्याचा आवाज लहान! घरी आल्यावर काका म्हणाले, "त्यांना यंत्रं कळतात गं, आवाज काय कळणार?" तिला ते पटलं. पुढे कारखाना बंद पडला, गुडघे गेले, गळा चिरकायला लागला. पण एकदा, एका खोलीत, आपण शेवटच्या पायरीपर्यंत पोचलो होतो, हे तिच्यापाशी होतं. कठीण दिवसांत ती त्यालाच धरून उभी राहिली होती.

म्हणून लंबूचा फोन आला तेव्हा घरात लगीनघाई झाली. सायकलच्या दुकानामागच्या खोलीत, रविवारी दुपारी कार्यक्रम. दुपारी का, तर "रात्री आपले ऐकणारे गोळी घेऊन झोपलेले असतात," असं लंबूनेच सांगितलं. साउंड काकांनीच बघायचं. काकांनी माळ्यावरच्या वायरी उतरवल्या, एकेक पुसली.

"बघशील तू," ते भाचीला सांगत होते, "माझ्या हाताखाली स्पीकर जन्मात कधी किंचाळला नाही."

"काका, तुम्ही राहू द्या. मी मावशीला बघायला येणार आहे. मावशी, तू गायचंस हं!"

"चल, काहीतरीच. तारा काय रोज तुटतात?"

"कोण जाणे," काका वायर गुंडाळत म्हणाले, "तुटेलही. तू आपली दुसऱ्या रांगेत बस. तुझी जागा."

मावशीला बरं वाटलं. तिने हिरवी शाल काढली, कारण तळघरात त्या दिवशी तिचा स्वेटर हिरवा होता. बटणांचा डबा पिशवीत टाकला, तार भाचीला त्याच गाण्याच्या वेळी दाखवायची म्हणून. आणि चहाचा थर्मास घेऊन ती सगळ्यांच्या आधीच जाऊन पोचली.

खोलीला रबराचा आणि तेलाचा वास होता. खुर्च्या मांडून झाल्या होत्या. लंबू एका स्टुलावर गिटार मांडीवर घेऊन बसला होता. आता तो काही फार उंच वाटत नव्हता. हातात नखं घासायची कानस होती, नाकावर चष्मा, आणि तो गिटारवर वाकून काहीतरी बारीक काम करत होता.

"नखं घासायला गिटार कशाला लागते हो?" मावशी म्हणाली.

"वहिनी!" लंबू खुलला. "या, या. नखं कसली, तार तयार करतोय. हल्ली हात थरथरतो ना. जास्त घासली गेली तर पहिल्याच गाण्यात राम म्हणायची."

"तयार? कशासाठी?"

"'कडी'साठी. आधी कानशीने अर्धी खायची, मग तिसऱ्या कडव्याला जरा जोरात ओढली की टण्!" तो हसला. "तुम्हाला मी काय सांगायचं? तुम्ही घरच्या."

मावशीने थर्मास खुर्चीवर ठेवला. शिवण उसवताना कापड फाटू नये म्हणून जपतात तसं जपून तिने विचारलं, "तळघरात पण?"

"प्रत्येक नव्या जागी. आमचा हुकमी एक्काच तो."

"आणि मी गायले नसते तर?"

"असं झालंच नाही कधी! तुमच्या नवऱ्याची नजर म्हणजे काय विचारता. पहिली चार गाणी हा गडी लोकांचे ओठ बघायचा. कोण मनातल्या मनात गातंय ते. मग मध्यंतरात त्या माणसाच्या डोक्यावर माईक टांगायचा, काळी पट्टी गुंडाळून. वर कोण बघतंय? तुमच्या वेळी मला म्हणाला, दुसरी रांग, हिरवा स्वेटर." लंबू आठवणीत रमला होता. "आवाज बारीक होता तुमचा, नॉब पार टोकाला न्यावा लागला म्हणे. पण काय रंगलं होतं, वहिनी!"

"आणि ती तार?"

"ती गाणं उचलणाऱ्याला द्यायची, रीतच होती. गावोगाव पडल्या असतील कुणाकुणाच्या डब्यांत." मग त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा हात थांबला. "वहिनी? त्याने सांगितलं असेलच ना हे सगळं?"

"सांगितलं ना," मावशी म्हणाली. "कधीच."

तिने वर पाहिलं. दुसऱ्या रांगेवर, छताच्या लाकडाला, काळी पट्टी गुंडाळलेलं काहीतरी लोंबत होतं. शेजारी शिडी. शिडीवर काका, तोंडात पट्टीचा तुकडा धरून. ते मागच्या दाराने कधी आले, त्यांनी किती ऐकलं, कोण जाणे. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग लंबूच्या हातातल्या कानशीकडे, आणि पट्टी तोंडातच राहिली.

"चहा आणलाय," मावशी म्हणाली. "गरम आहे, जपून."

लंबूचा तिला राग नव्हता. खेळ करणाऱ्याने खेळ केला. त्याचं पोटच त्यावर. केसाने गळा कापला तो कोपऱ्यातल्या खुर्चीवाल्याने. "माईक नाही, काही नाही" असं ती छाती पुढे काढून सांगायची, आणि तो माणूस, ज्याने स्वतःच्या हाताने माईक टांगला होता, तिच्या वाक्याला आपलं वाक्य जोडायचा. एकदा नाही, दरवेळी. रेडिओ केंद्रावर जाताना तिची वेणी नीट आहे ना तेसुद्धा त्याने बघितलं होतं. आवाज लहान आहे हे त्या अधिकाऱ्याच्या आधी त्याला ठाऊक होतं, बोटांनी ठाऊक होतं, आणि त्याने तिला जाऊ दिलं. कापणीवाल्या? त्यांना तरी खरंच ऐकू जायचं का? की त्याही आपल्या गमतीने म्हणायच्या? आता कुणाला विचारायचं?

माणसं येऊन बसली. काठ्या, गुडघ्यांचे पट्टे, दोन-तीन तरुण. भाची शेजारी येऊन म्हणाली, "मावशी, चेहरा का असा? घाबरलीस?"

"हो," मावशी म्हणाली.

लंबू गायला. आवाज थकला होता, पण अजून गोड होता, आणि याचंच मावशीला जास्त वाईट वाटलं. एवढ्या जवळून गाणं ऐकताना तिची छाती आपोआप श्वास घ्यायची; आज ती प्रत्येक श्वास मोजून-मापून घेत होती. 'कडी' सुरू झालं. भाचीने तिचा हात धरला. मावशी लंबूच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. तिसरं कडवं आलं, हाताने झटका दिला, आणि टण्.

लंबूने तार उजेडात धरली. खांदे उडवले. खोलीत चिडीचूप.

"मावशी, खरंच तुटली! आता!" भाची कुजबुजली.

मावशीने ओठ मिटले, घट्ट, टाका घालून बंद करावे तसे. पुढचं कडवं तिच्या घशापर्यंत येऊन उभं होतं. तिने ते येऊ दिलं नाही. लंबूचे हात वरच्या वर राहिले. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मागे, टेबलाशी, काका तिच्या आवाजाची वाट बघत होते. त्यांनी नॉब थोडा पुढे सरकवला. काहीच आलं नाही. अजून थोडा. बारीक आवाजाची बाई, त्यांना तर माहीतच होतं. त्यांनी तो पार टोकाला नेला.

स्पीकर आधी गुणगुणला, मग किंचाळला. असा किंचाळला की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी दोन्ही हातांनी कान दाबले. "अहो साउंडवाले!" कुणीतरी ओरडलं. काकांचा हात नॉबवरून निसटला, परत सापडेपर्यंत ती किंकाळी चालूच होती. मावशीने तेवढे कान झाकले नाहीत.

लंबूने उरलेल्या तारांवर गाणं कसंबसं पार पाडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, माणसं भली होती. बटणांचा डबा पिशवीतून निघालाच नाही.

घरी जाताना भाची आपल्या रस्त्याने वळली. दोघंच उरली. काकांनी खांद्यावरच्या वायरी सावरल्या.

"एक ओळ तरी म्हणायचीस गं," ते म्हणाले.

"म्हटली की. मनातल्या मनात." मावशी त्यांच्याकडे न बघता चालत होती. "तुम्हाला नाही दिसली? तुम्ही तर ओठ बघता."

काका थांबले. "मी दुसऱ्या कुठल्या गावात कुणासाठी राहिलो नाही," ते म्हणाले.

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "अहो, माईकचं तेवढं सांगितलं असतंत, तरी मी राहिलेच असते ना तुमच्याजवळ."

ती थांबली नाही.

स्वयंपाकघरातल्या कपाटाची कडी कधीची तुटलेली होती. मावशीने डब्यातली तार काढली आणि दाराच्या दोन्ही मुठींना घट्ट गुंडाळून टाकली. चहा-साखर त्याच कपाटात. काकांना रोज सकाळी ती सोडावी लागते आणि परत बांधावी लागते.

पुढे एकदा घरी माणसं जमली. जेवणं उरकली, पानं उचलली गेली, आणि भाचीच्या नवऱ्याने, त्याला काय ठाऊक बिचाऱ्याला, म्हटलं, "मावशी, ती तारेची गोष्ट होऊन जाऊ दे!"

मावशीने खुर्ची पुढे ओढली नाही. भांडी आवरता आवरता ती म्हणाली, "यांना सांगायला लावा. मला त्यातली अर्धीच माहीत होती."

"वा! काका, बोला!"

सगळे कोपऱ्याकडे वळले. काकांनी घसा खाकरला, हातांकडे पाहिलं. खोलीत चिडीचूप झालं. मावशी ओला हात पदराला पुसत दारात उभी राहिली, ऐकायला.