सुरतेची जाळी आणि माझी ठिणगी

मित्रांनो, माझ्या काठाला मोठी चीर गेली आहे आणि बुडाशी काजळी साचली आहे. आता माझ्यात कोणी विस्तव घालत नाही. तरीही मी साधीसुधी शेगडी नव्हते. मी धुराची शेगडी होते. प्रकाशा गावच्या एका कुंभाराने तापीच्या गाळाच्या मातीतून मला घडवले आणि तिथल्या यात्रेतून हिंमतरावांनी मला घरी आणले. ही गोष्ट रेल्वे कोळशावर चाले आणि पोस्टात कोयनेलच्या, म्हणजे हिवतापावरच्या औषधाच्या, पुड्या मिळत, त्या काळातली.

हिंमतरावांचे घर नदीपासून हाकेच्या अंतरावर होते. पावसाळा सरला की डबक्यांतून डास उठत आणि गावात हिवतापाची साथ येई. हिंमतरावांच्या पत्नी सरलाबाई रोज तिन्हीसांजेला माझ्यात गोवरी पेटवत आणि वर कडुलिंबाचा ओला पाला टाकत. मग मी दाट, कडवट धूर सोडी. सरलाबाई खोकत खोकत म्हणत, "हाई शेगडी शे म्हणून आम्ही शेत." मी आहे म्हणून ते आहेत, हे ऐकले की माझी माती फुगून येई.

रोज दाराशी बसून मी डासांना पाहत असे. चावतात त्या फक्त माद्या. त्या उगाच भिरभिरत येत नाहीत. माणसाच्या श्वासाचा माग काढत त्या वाऱ्यावर नागमोडी येतात आणि जवळ आल्या की अंगाचा वास पारखतात. ओसरीत चारजण बसलेले असले तरी त्यांतल्या एकाकडेच झुंड वळे, आणि ते माणूस नेहमी सरलाबाई असत. त्यांची धाकटी जाऊ मीनाबाई शेजारीच बसे, पण तिच्याकडे क्वचितच एखादा डास फिरके. माझा धूर पसरला की मात्र डासांचा माग चुके. या कामात माझी बरोबरी करणारे कोणी नाही, असे मला वाटे.

सरलाबाईंची दोन बाळंतपणे हिवतापाने वाया गेली होती. तिसऱ्या खेपेला दिवस गेले, तेव्हा धाकटे दीर गिरधर सुरतेहून एक मच्छरदाणी घेऊन आले. पांढरीशुभ्र, झुळझुळीत. सगळी गल्ली तिला पाहायला आली. बायका तिच्यावरून हात फिरवून "कसी मऊ शे!" म्हणत. माझ्यावरून कोणी कधी हात फिरवला नव्हता. मला तर चिमट्याने धरून हलवत.

त्या दिवसापासून सरलाबाई दिवेलागणीलाच जाळीत शिरू लागल्या. धुराने त्यांना खोकला येई, म्हणून मला उचलून ओसरीच्या टोकाला, बैलांजवळ ठेवले. मित्रांनो, मी आतून किती जळत होते ते तुम्हाला काय सांगू! ती नुसती टांगलेली असे. ना तिला विस्तव सोसावा लागे, ना राख. आणि कौतुक मात्र तिचे. बाहेरून डास तिच्यावर डोके आपटत आणि परत जात. त्यातला एखादा तरी आत शिरावा, असे माझ्या मनात येऊ लागले.

एका संध्याकाळी गोवऱ्या ओल्या होत्या. मीनाबाईने माझ्यात कपाशीच्या वाळलेल्या काड्या घातल्या. काड्या तडतडल्या. नदीकडून वारा सुटला होता आणि समोर उघड्या दारातून ती जाळी दिसत होती. मी मनात म्हणाले, "जळो ही!"

त्याच क्षणी माझ्या तोंडातून एक ठिणगी उडाली. ती दारातून आत गेली आणि जाळीला चिकटून विझली. अंगठ्याएवढे भोक पडले. पायथ्याच्या बाजूला असल्यामुळे ते कोणाला दिसले नाही. मला दिसले, आणि मला आनंद झाला.

डासांना ते भोक शोधायला वेळ लागला नाही. सरलाबाईंच्या श्वासाचा माग धरून ते एकामागून एक आत जाऊ लागले. दोन आठवड्यांनी सरलाबाई हुडहुडी भरून पडल्या. चार गोधड्या घातल्या तरी त्यांचे दात वाजत होते. पोटावर हात ठेवून त्या रडत होत्या. माझा आनंद त्या रडण्याबरोबर विझला.

मीनाबाई पेज घेऊन गेली, तर सरलाबाईंनी वाटी ढकलून दिली. "तुले एक बी मच्छर चावत नही. जाळीमा ऱ्हाईसन बी माले चावतस. कसा मंतर शे तुन्हापाशी? मन्हं पोर तुले नको शे का?"

मीनाबाईने वाटी उचलली. ती खांबाला धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी फिरतीवरचे डॉक्टर आले. त्यांनी कोयनेल दिले आणि सरलाबाईंचा संशय ऐकून म्हणाले, "बाई, डासाला आपल्यासारखे नाक नसते. डोक्यावरच्या दोन केसाळ मिशांनी तो वास घेतो. प्रत्येकाच्या घामाचा वास वेगळा, आणि डासाला तो ओळखता येतो. कोणाचा आवडतो, कोणाचा नाही. यात कसला मंत्र?"

सरलाबाईंनी तोंड फिरवले. पण मीनाबाईने ते नीट ऐकले होते.

त्या सांजेला तिने मला पेटवले नाही. सरलाबाईंचे तापाच्या घामाने भिजलेले लुगडे तिने स्वतः नेसले आणि जाळीसमोर उंबऱ्यावर बसली. थोड्याच वेळात डास आले. तिच्या पाठीवर, मांड्यांवर बसू लागले. ज्या मीनाबाईला कधी डास शिवत नसत, तिच्या पोटऱ्यांवर गांधी उठल्या. तरी ती हलली नाही.

"देख बाई," ती म्हणाली, "आते माले बी चावी ऱ्हायनात. मन्हापाशी मंतर नही. तुन्हा लुगडामा तुन्हा आंगना वास शे."

सरलाबाई उठून बसल्या. "ऊठ, मीना," त्या घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "तुले बी ताप ई जाई!"

मीनाबाई उठली, तेव्हा तिला दिसले की काही डास तिला सोडून जाळीकडे निघाले आहेत आणि सगळे एकाच जागी नाहीसे होत आहेत. तिने दिवा जवळ नेला.

"बाई, आठे भोक पडेल शे!" तिने कडा चाचपल्या. त्या जळून काळ्या पडल्या होत्या. तिचा चेहरा उतरला. "त्या दिन शेगडीमा काड्या मीच टाक्यात. मन्ही चूक शे, बाई."

नाही, मीनाबाई, तुझी नाही! मला ओरडून सांगायचे होते. काड्या तिने टाकल्या, पण जळो म्हणाले ते मी. ठिणगीने माझे ऐकले की वाऱ्याचे, हे मला आजही ठाऊक नाही. भोक दिसूनही मी खूश झाले, एवढे मात्र मला पक्के ठाऊक आहे.

सरलाबाईंनी जाळीतून हात बाहेर काढून जावेचा हात धरला. दोघी रडल्या. मग मीनाबाईने आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून त्या भोकावर शिवला.

ताप उतरला. मार्गशीर्षात सरलाबाईंना मुलगी झाली. अगदी लहानशी होती, पण जगली. मला पुन्हा दाराशी आणले गेले. आत जाळी आणि बाहेर मी, अशी आम्ही कितीतरी वर्षे तिची राखण केली. जाळीचे कौतुक झाले की मला तेव्हाही टोचत असे, ते मी लपवत नाही. पण तिच्या पांढऱ्या अंगावरचे ते लुगड्याचे ठिगळ दिसले की मी खाली राखेकडे पाही.

मित्रांनो, दाराजवळ पाणी साचू देऊ नका. जाळी रोज उजेडात तपासत जा. आणि कोणाच्या चांगल्या गोष्टीला आपल्या हेव्याने भोक पडले, तर ते लगेच कबूल करा. दुसरे कोणी तो दोष आपल्या माथी घेत असताना मला गप्प राहावे लागले, कारण मला जीभ नव्हती. तुम्हाला आहे.